बिनटपाच्या गाडीचा उंबरठा

दिवेलागणीच्या वेळी आम्ही मुले उंबरठ्यावर बसलो की आईचा आवाज हमखास कानी येई, "ऊठ रे तिथून! त्या उंबऱ्यावर घर उभं आहे." आम्ही दोघेही वसईतले, आणि दोन्ही घरी दंडक तोच. घर भिंतींवर उभे असते आणि भिंती पायावर, एवढे आम्ही शाळेत शिकलो होतो. त्यामुळे दारातल्या एका आडव्या लाकडावर अख्खे घर उभे असल्याचा हा दावा आम्हांला हसण्यावारी नेण्याजोगा वाटे. पुढे गाव सुटले, समुद्र ओलांडला आणि पन्नाशी गाठल्यावर इंग्लंडमधील एका गॅरेजच्या थंडगार फरशीवर उताणे पडून, हातात विजेरी धरून एका जुन्या मोटारीचे पोट न्याहाळताना आईच्या त्या वाक्याचा अर्थ आम्हांला उमगला. वाचकहो, ही त्या मोटारीची हकीकत आहे. आणि थोडीशी आमचीही.

२००५ साली आम्ही स्विंडन या गावी आलो. लंडनच्या पश्चिमेस, आगगाडीने तासाभराच्या अंतरावर असलेले हे गाव ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्याभोवती वाढले. तो कारखाना १९८६ साली बंद झाला, तरी गावाची कष्टकरी वृत्ती गेली नाही. गोव्याचे पुष्कळ लोक येथे स्थायिक झाले आहेत. रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या आवारात कोकणी कानी पडते आणि आमची मराठी तिच्यात सहज मिसळून जाते. आमच्यापैकी एक येथील इस्पितळात परिचारिका, दुसरा एका गोदामात मालाच्या आवकजावकीवर देखरेख करणारा. आलो तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता.

२०१९ साली तो अभियांत्रिकी शिकण्यासाठी दुसऱ्या शहरातील विद्यापीठात गेला. वसईला आम्ही पेढे वाटण्याची व्यवस्था केली होती. सहा महिन्यांत महामारी आली. वसतिगृहातील एका खोलीत, पडद्यावरच्या व्याख्यानांसमोर त्याने दीड वर्ष कसे काढले हे आम्ही कधी नीट विचारले नाही; कारण त्याच काळात घरातील परिचारिका दिवसाआड कुणाचे तरी डोळे मिटवून घरी येत होती, आणि दुसऱ्याची रात्रपाळी संपत नव्हती. २०२१ च्या नाताळासाठी मुलगा घरी आला, तो परत गेलाच नाही. कारण विचारले की खोलीचे दार लागे. जेवणाचे ताट दाराशी ठेवावे आणि अर्धे संपलेले ताट उचलावे, एवढाच त्याचा आमचा व्यवहार उरला.

वसईला दर रविवारी फोन जाई. "नातू कसा आहे?" आई विचारी. "बरा आहे. परीक्षा चालू आहे त्याची." हे उत्तर आमच्यापैकी प्रथम कोणी दिले ते आता आठवत नाही. एकदा दिल्यावर मात्र ते दर रविवारी देणे भाग पडले. पेढे खाल्लेल्या माणसांना दुसरे काय सांगणार?

२०२२ च्या ऑक्टोबरातील एका रात्री मुलगा आपण होऊन जेवायला खाली आला आणि म्हणाला, "डॅडी, एक जुनी गाडी विकायला आहे. बघायला जाऊ या?" कित्येक आठवड्यांत त्याच्या तोंडून निघालेले ते पहिले पूर्ण वाक्य होते. त्याने त्या रात्री हत्ती मागितला असता तरी आम्ही पाहायला गेलो असतो.

गाडी निघाली एम. जी. बी.; दोन आसनांची, घडीचा टप असलेली, १९७२ सालची. एम. जी. ही 'मॉरिस गॅरेजेस' या ऑक्सफर्डच्या संस्थेची आद्याक्षरे. स्विंडनपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर अ‍ॅबिंग्डन नावाचे गाव आहे. तेथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या जातीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. ही मात्र इंग्लंडच्या पावसातच राहिली होती. लाल रंग असा चकचकीत की त्यात आमचे चेहरे दिसावेत. पुढचा-मागचा बंपर चांदीसारखा. चालत मात्र नव्हती. बोनट उघडताच उंदराचे घरटे दिसले. तीन हजार पौंड मोजून आम्ही ती ट्रेलरवर घालून घरी आणली. नातेवाइकांना कळले तेव्हा दोन्हीकडून एकच प्रश्न आला, "वेडबीड लागलंय काय?" घरात माणसे तीन आणि गाडीत आसने दोन, हा साधा हिशेबही तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

मुलाने सुरुवात ब्रेकपासून केली. चालण्याआधी थांबता आले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. या गाडीला पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रमचे. पायाखालचे पेडल दाबले की नळ्यांतले तेल तो जोर चारी चाकांपर्यंत पोहोचवते. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली तर तोच ओलावा आतल्या दट्ट्यांना गंज चढवतो आणि रबरी वायसर कडक होतात. आम्ही सिलिंडर बदलले, नळ्या बदलल्या, नवे तेल भरले. पण नळीत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो आणि पेडल स्पंजासारखे लागते. ती हवा काढायला माणसे दोन लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचे. दुसऱ्याने चाकामागे आडवे होऊन छोटा स्क्रू सैल करायचा, हवा आणि तेल बाहेर आले की स्क्रू आवळायचा, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. पाय आधी उचलला तर हवा पुन्हा आत ओढली जाते.

"दाबा." "धरा." "सोडा." गाडीखालून मुलाचा आवाज येई आणि बाप आसनावर बसून ते तीन शब्द पाळी. सबंध नोव्हेंबर महिना त्या दोघांत याहून वेगळे संभाषण झाल्याचे आम्हांला स्मरत नाही. परंतु ज्या घरात वर्षभर एकाने विचारावे आणि दुसऱ्याने दार लावावे असे चालले होते, त्या घरात एकाने सांगावे आणि दुसऱ्याने ऐकावे, हेही थोडके नव्हते. त्यातही सांगणारा मुलगा होता आणि ऐकणारा बाप. हा बदल पचायला बापाला काही दिवस लागले.

खरा घोळ डिसेंबरात उघडकीला आला. गाडी एका बाजूने उचलण्यासाठी दाराखालच्या ठरावीक जागी जॅक लावला. जॅक वर चढत होता, गाडी मात्र जागची हलत नव्हती. मग 'कर्रर्र' असा आवाज झाला. जॅक गाडीला उचलत नव्हता; गाडीच्या अंगात शिरत होता. मुलाने जॅक काढला आणि स्क्रू-ड्रायव्हरचे टोक तेथे हलकेच टेकवले. चकचकीत लाल रंगाचा पोपडा निघाला. खाली बोटभर जाडीची पुट्टी, पुट्टीखाली तारेची जाळी, आणि जाळीमागे कोंबलेली वर्तमानपत्रे. फुटबॉलच्या कुठल्याशा सामन्यांचे निकाल त्यांवर अजून वाचता येत होते. पत्रा म्हणावा असा तेथे उरलाच नव्हता. तपकिरी भुगा तेवढा ओंजळभर निघाला. दार लावल्यावर त्याच्या मागची फट वर चिंचोळी आणि खाली रुंद का दिसते, याचा उलगडाही तेव्हाच झाला. गाडी मध्येच वाकू लागली होती.

येथे थोडे विवरण केले पाहिजे. साध्या मोटारीला छप्पर असते. चारी खांब वर छताने जोडलेले असल्याने ती एखाद्या पेटीसारखी घट्ट राहते. बिनटपाच्या गाडीला ते सुख नाही. पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग यांना जोडून ठेवण्याचे बहुतेक काम दाराखालून जाणाऱ्या दोन पोकळ तुळयांवर पडते. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा आणि तळाशी एक नागमोडी पट्टी, असे त्या तुळईचे अंग असते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल तिच्या तोंडाशी साचतो, पाणी आत शिरते, निचऱ्याची भोके बुजतात आणि गंज आतून बाहेर येऊ लागतो. तो डोळ्यांना दिसतो तेव्हा त्याचे काम बहुतांशी आटोपलेले असते. इंग्रजीत या तुळईला 'सिल' म्हणतात; घराच्या उंबरठ्यालाही तोच शब्द. म्हणजे मोटारीचा उंबरठाच हा! छप्पर नसलेल्या घराचा सगळा भार उंबऱ्यावर.

"फसवलं आपल्याला," आमच्यापैकी एकजण म्हणाला. तीन हजार पौंड डोळ्यांसमोर नाचत होते.

मुलगा भुगा हातात घेऊन खाली बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "फसवायचं म्हणून कोणी केलं नसेल, डॅडी. कोणाला तरी गाडी चांगली दिसायला हवी होती. आपण आजीला फोनवर सांगतो ना, तसंच."

त्याने हे रागाने म्हटले असते तर आम्हांला उत्तर सापडले असते. तो रागावला नव्हता. दर रविवारी फोनच्या वेळी तो वरच्या खोलीत असे आणि खोलीच्या भिंती पातळ आहेत, हे आमच्या लक्षातच आले नव्हते. आम्ही हत्यारे गोळा केली, दिवा मालवला आणि घरात गेलो. त्या रात्री कोणी फारसे बोलले नाही. आम्ही मात्र अंथरुणावर पडून मोजत होतो, किती रविवार झाले? आणि ही पुट्टी आम्ही कोणासाठी भरत होतो? आईसाठी, पोराच्या अब्रूसाठी, की आमच्या स्वतःच्या?

जानेवारीत आमच्याच पॅरिशमधील एका वृद्ध इंग्रज गृहस्थांच्या कानावर ही गोष्ट गेली. मिस्सानंतरच्या चहाच्या वेळी ते काठी टेकत आमच्यापाशी आले आणि त्यांनी जे सांगितले ते ऐकून आम्ही चकित झालो. या गाड्यांची जुळणी अ‍ॅबिंग्डनला होत असे खरी, पण त्यांचे पत्र्याचे सांगाडे घडत ते आमच्या याच गावात, स्विंडनच्या प्रेस्ड स्टील कारखान्यात. तरुणपणी ते स्वतः तेथे वेल्डिंगच्या रांगेत उभे असत. हजारो उंबरठे त्यांच्या हातांखालून गेले होते. "तुमची कोणती साल?" त्यांनी विचारले. १९७२ म्हटल्यावर ते हसले. आपल्या हातचे काम आता कसे दिसते ते पाहायला येईन, म्हणाले. आमच्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना 'अंकल' म्हणू लागलो. त्यांना त्याची मौज वाटे.

पुढच्या शनिवारी अंकल आले, गॅरेजमधील खुर्चीवर बसले आणि त्यांनी अर्धा तास नुसती गाडी पाहिली. या गाड्यांचे अख्खे नवे सांगाडे जुन्याच साच्यांवरून १९८८ पासून पुन्हा तयार होऊ लागले आहेत, हे त्यांनी आम्हांला सांगितले. परंतु त्याची किंमत आमच्या आवाक्यापलीकडची होती. उंबरठ्याचे सुटे पत्रे मात्र परवडण्याजोगे होते. मुलगा ग्राइंडर घेऊन कापायला उत्सुक होता. अंकलनी काठी आडवी धरली. गंजलेला का होईना, हाच पत्रा आज गाडीला धरून आहे. तो तसाच कापलात तर गाडी मध्येच मोडेल, आणि नवा पत्रा तुम्ही त्या मोडलेल्या आकारातच जोडून बसाल. आधी आधार, मग पाते, असा त्यांचा नियम.

म्हणून पहिले दोन शनिवार आम्ही काही कापलेच नाही. गाडी पुढे-मागे पक्क्या टेकूंवर समपातळीत बसवली. वाकलेली गाडी मधून अगदी हळूहळू उचलून दाराची फट वर-खाली सारखी केली. मग दार काढले आणि त्या मोकळ्या चौकटीत, बिजागऱ्यांच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, लोखंडी चौकोनी नळीचे आडवे-तिरपे आधार टाके मारून बसवले. पेट्रोलची टाकी काढून बाहेर नेली, आसनांमागे असणाऱ्या दोन्ही सहा व्होल्टच्या बॅटऱ्या काढल्या, आग विझवण्याचे नळकांडे हाताशी ठेवले. कापायचे ते एका वेळी एकाच बाजूचे. एक बाजू पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही.

कापताना अंकलचा दुसरा नियम लागू झाला. चांगला पत्रा लागेपर्यंत मागे हटायचे नाही. गंजावर वेल्डिंग धरत नाही. पातळ झालेला पत्रा ठिणगीसरशी जळून भोक पडते. वीतभर कापावे असे ठरवून बसलो की हातभर कापावे लागे. पहिल्या बाजूचा उंबरठा पुरता निघाला तेव्हा गाडीला दाराखाली काहीच उरले नव्हते. केवळ त्या आधाराच्या नळ्यांवर ती उभी होती. आम्हांला धडकी भरली. अंकल निवांतपणे चहा पीत होते.

वेल्डिंग मुलाने शिकून घेतले. महिनाभर त्याने भंगारातल्या पत्र्यांवर हात बसवला. पत्रा मिलिमीटरहून किंचितच जाड. सलग रेघ ओढली तर उष्णतेने वेडावाकडा होतो. म्हणून येथे एक टाका, तेथे एक टाका, मध्ये पत्रा निवू द्यायचा, मग पुन्हा. घरातील परिचारिका ते पाहून म्हणाली, "हे तर आमच्या शिवणकामासारखंच." जखम शिवताना कडा जुळल्या पाहिजेत, ताण सारखा पडला पाहिजे, आणि आत घाण राहता कामा नये, तिन्ही गोष्टी येथे तशाच होत्या. प्रत्येक थरानंतर दार पुन्हा बसवून फट तपासायची आणि पुन्हा काढायचे. एका बाजूला दोन महिने लागले.

त्या दोन महिन्यांत मुलगा बोलू लागला. विद्यापीठात काय झाले ते त्याने सांगितले, तेही वेल्डिंगचा मुखवटा चेहऱ्यावर असताना, दोन टाक्यांच्या मधल्या अवकाशात. ते आम्ही येथे लिहीत नाही; ते त्याचे आहे. डॉक्टरांकडे जायलाही तो त्याच सुमारास तयार झाला. गाडीने मुलगा बरा केला, असे आम्ही कधी म्हणणार नाही. त्याला उपचार लागले, वेळ लागला, आणि काही दिवस आजही वाईट जातात. गाडीने इतकेच केले की दाराच्या दोन बाजूंना उभी असलेली आम्ही माणसे तिच्यामुळे एका बाजूला आलो.

उपवासकाळातील एका रविवारी आम्ही फोन उचलला. आधी मुलाला विचारले. तो म्हणाला, "सांगा. मी इथेच बसतो." आधी आधार, मग पाते. आईने नेहमीचा प्रश्न केला. आम्ही म्हणालो, "आई, तो कॉलेजला जात नाही. सव्वा वर्ष झालं. आम्ही तुला खोटं सांगत होतो."

पलीकडे क्षणभर शांतता होती. वाडीतल्या कावळ्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग आई म्हणाली, "मला ठाऊक होतं रे. कुठल्या कॉलेजची परीक्षा वर्षभर चालते?" आणि लगेच, "फोन दे त्याला."

तिने त्याला शिक्षणाविषयी एक अक्षर विचारले नाही. "जेवतोस का नीट?" विचारले. "झोप लागते?" विचारले. मग म्हणाली, "आणि ती मोडकी गाडी कुठवर आली?" मुलगा तिला उंबरठ्याची गोष्ट सांगू लागला, त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत, हातवारे करत, जणू ती समोरच बसली होती. वीस मिनिटे तो बोलत होता. पंचाऐंशी वर्षांच्या त्या माउलीला वेल्डिंगमधले काय कळले असेल ते असो. पण शेवटी ती जे म्हणाली ते त्याने आम्हांला सांगितले. ती म्हणाली होती, "मी सांगत होते तुझ्या बापाला. उंबऱ्यावर बसू नये."

दुसरी बाजू उन्हाळ्यात झाली. पोकळ्यांत मेणाचा फवारा मारला, निचऱ्याची भोके मोकळी ठेवली. रंगाच्या बाबतीत मुलाने एक हट्ट धरला. उंबरठ्याचा लाल रंग जुन्या रंगाशी तंतोतंत जुळत नव्हता. किंचित गडद दिसे. सगळी गाडी पुन्हा रंगवू या, असे आम्ही सुचवले. तो नको म्हणाला. जेथे दुरुस्ती झाली आहे ते दिसू दे.

मग इंजिनाकडे वळलो. १७९८ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे साधे, दणकट यंत्र ते. पण त्याला एस. यू. जातीचे कार्बोरेटर दोन, आणि दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. एकाने जास्त ओढली की इंजिन लंगडते. ते जुळवण्याची जुनी रीत म्हणजे रबरी नळीचे एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि दुसरे कानाशी धरून हवेचा सूंऽऽ आवाज ऐकायचा, आधी एकाचा, मग दुसऱ्याचा, आणि दोन्ही सारखे होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. बापाला ते जमेना. परिचारिकेने आपला जुना स्टेथोस्कोप आणला, पुढची चकती काढली आणि नळी कार्बोरेटरशी धरून डोळे मिटले. "डावा जास्त घेतो आहे," ती म्हणाली. "आणखी थोडा कमी. पुरे. आता दोघांचा श्वास सारखा चालला आहे." इंजिनाचा सूर लागला तेव्हा आमच्यापैकी एकाला वसईच्या वाडीतील विहिरीवरचे ऑइल इंजिन आठवले. ते कुरकुरू लागले की बाबा केळीच्या बागेत असले तरी हातातला विळा ठेवून कान टवकारत, आणि इंजिन न पाहताच काय बिघडले ते सांगत. कान देणे हीदेखील एक विद्या आहे. आमच्या घरात ती होती. आम्ही ती मध्यंतरी विसरलो होतो.

२०२४ च्या जूनमध्ये गाडी पुरी झाली. या देशात दर वर्षी गाडीची एम. ओ. टी. नावाची तपासणी करून घ्यावी लागते. पण चाळीस वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना २०१८ पासून तीतून सूट आहे. कायदा विचारत नव्हता. मुलगा म्हणाला, "तरी नेऊ या. आपलं काम दुसऱ्याने बघायला हवं." नेली. उंबरठ्यांखाली तपासनिसाने हातोडीने ठोकून पाहिले आणि मान हलवली. परंतु हँडब्रेक एका चाकाला कमी धरत होता आणि पुढच्या एका दिव्याचा रोख चुकला होता. गाडी नापास!

आम्ही हिरमुसलो. मुलाने तेथूनच वसईला फोन लावला. "आजी, गाडी नापास झाली." आमच्या मनात आले, दोन वर्षांपूर्वी हा शब्द या घरात उच्चारायला आम्ही धजलो नसतो. आजीचे उत्तर फोनबाहेर आम्हांलाही ऐकू आले, "मग परत बसव परीक्षेला!" आठवड्याभराने गाडी पास झाली.

मुलगा विद्यापीठात परत गेला नाही. तो आता कमवा आणि शिका अशा योजनेत एका लहान कारखान्यात वेल्डिंगचे शिक्षण घेतो आहे. पहाटे सहाला निघतो, हाताला चटके घेऊन परततो. कोणी विचारले तर आम्ही तसेच सांगतो. विचारणारा क्षणभर थांबतो, मग बहुधा आपल्या घरातले काहीतरी सांगू लागतो. किती घरांत पुट्टीखाली वर्तमानपत्रे कोंबलेली आहेत, हे आम्हांला असे कळत गेले. हा लेख लिहिण्याचे कारणही तेच. पेढे आपण सगळे वाटतो. भुगा मात्र ज्याचा त्याने ओंजळीत लपवून ठेवायचा, अशी आपली रीत पडून गेली आहे.

पास झाल्यावर पहिली फेरी कोणी मारायची, हा प्रश्न आला. आसने दोन आणि माणसे तीन, हा हिशेब दीड वर्षाने पुन्हा समोर उभा राहिला. मुलाने तो आधीच सोडवून ठेवला होता. त्या रविवारी मिस्सानंतर त्याने गाडी अंकलच्या दारात नेऊन उभी केली. तेव्हा आम्हांला कळले की हजारो उंबरठे जोडणाऱ्या त्या माणसाला अशी एकही गाडी कधी घेता आली नव्हती. आयुष्यात तो एकदाही तिच्यात बसला नव्हता. काठी आसनामागे ठेवली. आत बसताना त्यांनी पाय आधी आत टाकला आणि मग वाकून, तळहाताने दाराखालचा तो गडद लाल पत्रा एकदा चाचपला.

गाडी अ‍ॅबिंग्डनच्या रस्त्याने निघाली. टप उघडा होता, आभाळ नेहमीसारखे भरून आले होते. आम्ही दोघे घरी परतलो आणि ती परत येईपर्यंत दारात उभे राहिलो. उंबरठ्यावर नव्हे, त्याच्या आतल्या बाजूला.